पाय टेकले पाहिजेत!

आमच्या वर्गातल्या तिघी मुलींकडे स्कूटर आहे आणि मुलांपैकी निम्म्याअधिक जणांकडे मोटारसायकल आहे. मोटारसायकल चालवणारी मुलगी मात्र गेल्या डिसेंबरपर्यंत वर्गात एकही नव्हती. ती उणीव भरून काढण्याचा मान प्रस्तुत लेखिकेला मिळाला. तेव्हापासून मला दर दोन दिवसांनी एकच प्रश्न विचारला जातो, “एवढी लांबलचक गाडी तू कशी काय निवडलीस?” प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा वार्षिकांकाच्या संपादकांनी दिलेल्या या दोन पानांत एकदाच उत्तर द्यावे असे ठरवले आहे.

प्रथम गरज काय होती ते सांगते. आमचे गाव धोम धरणाच्या कडेला आहे. तिथून वाईला येण्यास एस. टी. आहे, पण संध्याकाळची शेवटची गाडी साडेपाचला सुटते. महाविद्यालयाची अभ्यासिका रात्री आठपर्यंत उघडी असते हे दोन वर्षे मी फक्त ऐकून होते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे सगळे पाचनंतर तिथे बसत आणि त्याच वेळी मी स्टँडकडे पळत असे. एके दिवशी गाडी चुकली आणि अण्णांना हातातली धार टाकून मला न्यायला यावे लागले. त्या रात्री आई म्हणाली, “भिशीचे पैसे यायचेत. पोरीला गाडी घेऊ.”

गाडी म्हणजे अर्थात स्कूटर, असे घरात सर्वांनी गृहीत धरले होते. स्कूटरची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. वजन १०५-११० किलो, गिअर नाही, पायाशी दप्तर ठेवायला जागा; गावात फिरायला यापरते सोयीचे वाहन नाही. परंतु तिची चाके दहा-बारा इंचांची असतात. धरणाच्या कडेच्या रस्त्याला पावसाळ्यानंतर जे खड्डे पडतात त्यांत लहान चाक अख्खे उतरते, मोठे चाक त्यावरून निघून जाते. हे माझे अधिकृत कारण. अनधिकृत कारण असे की आतेभावाकडे ३५० सी. सी.ची क्रूझर आहे आणि ती रस्त्याने जाताना जो आवाज येतो तो मला फार आवडतो. नवशिक्या माणसाच्या निवडीत आवडीचा भाग किती असतो हे कबूल केल्याशिवाय पुढचे बोलण्यात अर्थ नाही.

क्रूझर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आसन ठेंगणे, हँडल रुंद आणि अंगाकडे आलेले, पाय ठेवायची जागा पुढे आणि पुढचे फोर्क ओणवे झाल्यासारखे तिरके. हा घाट मूळचा अमेरिकेतला, सरळसोट लांब रस्त्यांसाठी जन्मलेला. आपल्याकडे २००१ साली बजाज आणि कावासाकी यांची १७५ सी. सी. वर्गातली एलिमिनेटर आली. २००५ साली बजाजने १८० सी. सी.ची अ‍ॅव्हेंजर काढली आणि पुढे तिच्या २००, २२०, १५० व १६० सी. सी. अशा बहिणी आल्या. रॉयल एन्फील्डची मीटिऑर ३५० ही नोव्हेंबर २०२० मधली. माझी निवड शेवटी या दोन घराण्यांतच घुटमळत राहिली.

आता मुख्य गोष्ट. मोटारसायकल घेताना सारेजण ती पळते कशी हे पाहतात. किती सी. सी., किती वेग, किती ॲव्हरेज. मीही वहीत तेच रकाने आखले होते. अण्णा शेतकरी माणूस. त्यांनी वही पाहिली, परत दिली आणि म्हणाले, “पळताना सगळीच चांगली असत्यात. अंधारात धरणाच्या कडेला पडली तर तुझी तुला उचलता आली पायजे. ती उचलून दाखव, मग घे.”

मला राग आला. पण पुढच्याच रविवारी आतेभावाच्या अंगणात त्यांचे म्हणणे पटले. तिची ३५० मी नुसती ढकलत वळवत होते, इंजिनही बंद होते. हँडल पूर्ण वळलेले, एक पाय उतारावर, आणि गाडी हळूच माझ्या विरुद्ध बाजूला कलली. १९१ किलोची वस्तू एकदा कलू लागली की ४६ किलोच्या माणसाने तिला धरून ठेवणे शक्य नसते, हे गणिताचा तास न बुडवणाऱ्यांना सांगायला नको. लेगगार्डमुळे गाडीचे काही बिघडले नाही. माझ्या नडगीवर मात्र महिनाभर निळा डाग होता. आतेभाऊ बिचारा “असू दे, असू दे” म्हणत राहिला, पण त्याचा चेहरा वेगळेच बोलत होता.

त्या दिवसापासून मी वहीतले रकाने बदलले. पहिला रकाना आसनाच्या उंचीचा. साध्या १५०-१६० सी. सी.च्या गाडीचे आसन जमिनीपासून ७९०-८०० मिलिमीटरच्या घरात असते, मीटिऑरचे ७६५, अ‍ॅव्हेंजरचे ७३७. माझी उंची पाच फूट एक इंच. पण इथे एक गोम आहे. आपली एकूण उंची येथे कामाची नाही, पायांची आतली लांबी महत्त्वाची. भिंतीला पाठ लावून, दोन पायांच्या मध्ये पुस्तक आडवे धरून जमिनीपासून मोजावी. तेवढ्यावरही विसंबू नये, कारण क्रूझरचे आसन रुंद असते. मांड्या फाकल्या की पाय आखूड होतो. तेव्हा कागदावरची उंची वाचून निर्णय घेण्यापेक्षा, रोज वापरायची तीच पादत्राणे घालून प्रत्यक्ष बसून पाहावे. मी अ‍ॅव्हेंजरवर बसले तेव्हा दोन्ही तळवे टेकले, टाचांखाली बोटभर जागा राहिली. मला तेवढे पुरले.

ठेंगण्या गाडीचा तोल सांभाळणे आपोआप सोपे असते, असा एक समज आहे. तो खरा नाही. तळहातावर लांब काठी उभी तोलता येते, पेन्सिल तोलता येत नाही. ठेंगणी वस्तू कलते ती चटकन कलते. क्रूझरचा खरा फायदा एवढाच की कलण्यापूर्वी आपला पाय जमिनीवर असतो. चौकात, चिखलात, उताराला थांबताना नवशिक्याला जो आधार हवा तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

या आधाराची किंमत वळताना मोजावी लागते. फोर्क तिरके आणि दोन चाकांमधले अंतर जवळजवळ दीड मीटर, तर साध्या १०० सी. सी.च्या गाडीत ते सव्वा मीटरच्या आसपास. त्यामुळे सरळ रस्त्यावर क्रूझर रुळावरून चालल्यासारखी जाते, पण बोळात वळवायची म्हटली की हँडल जड होते आणि वळायला ऐसपैस जागा लागते. पसरणीच्या घाटातली वळणे मला सुरुवातीला दुसऱ्या बाजूच्या रस्त्यावर जाऊन घ्यावीशी वाटत. ते किती घातक आहे हे समोरून आलेल्या एका ट्रकने हॉर्न वाजवून समजावले. पक्क्या परवान्याच्या वेळी आठचा आकडा काढायचा असतो. तो मी मामाच्या १०० सी. सी.वर काढला, स्वतःच्या गाडीवर नाही. यात मला कमीपणा वाटला नाही.

दुसरी अडचण पाठीची. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की पायांवर भार घेऊन उठता येत नाही. सगळा हादरा माकडहाडाला. खड्डा दिसल्यावर वेग आधीच कमी करणे हाच उपाय.

ताकदीबद्दल दोन शब्द. माझ्या १६० सी. सी.च्या इंजिनाची ओढ, म्हणजे ज्याला टॉर्क म्हणतात ती, साडेतेरा न्यूटन-मीटरच्या आसपास; मीटिऑरची २७. मीटिऑर ही ओढ मिनिटाला ४००० फेऱ्यांतच देते, म्हणून क्लच सोडण्यात नवशिक्याची चूक झाली तरी ती सहसा बंद पडत नाही. बैलांच्या भाषेत सांगायचे तर ती थोराड बैलजोडी आहे, नेटाने ओढणारी. माझी गाडी पहिल्या पंधरा दिवसांत चौकाचौकांत बंद पडली. या एका बाबतीत मोठी गाडी शिकणाऱ्याला सोपी असते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण क्लच अर्धा सुटताच गाडी जिथे हलू लागते ती जागा डाव्या हाताला आठवडाभरात पाठ होते. ३५ किलोचा फरक मात्र आठवड्याने कमी होत नाही.

ब्रेकविषयी एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी.वरील प्रत्येक नव्या दुचाकीला ए. बी. एस. सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जागच्या जागी अडकून घसरू नये यासाठी ही यंत्रणा असते. वापरलेली गाडी घेणाऱ्याने तिची तारीख या दृष्टीने पाहावी. माझ्या गाडीत ही सोय फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचा ब्रेक जोरात दाबला तर मागचे चाक आजही घसरते, आणि वाळूवर ते मी अनुभवले आहे.

मी घेतली ती २०२० सालची, वापरलेली अ‍ॅव्हेंजर १६०, वजन १५६ किलो. कागदपत्रांत चेसिस क्रमांक जुळवणे, विमा चालू आहे का पाहणे आणि नावावर करण्यासाठी नमुना २९ व ३० यांवर सह्या घेणे, ही कामे मामाने केली. मामाने तरुणपणी राजदूत चालवली आहे, त्यामुळे गाडीविषयीचा अंतिम निवाडा आपलाच, असे तो मानतो. चेन आणि टायर पाहून त्याने मान हलवली.

मग अण्णांची परीक्षा. खळ्यात, गवताच्या पेंढ्यांवर, गाडी त्यांनी स्वतः आडवी केली. उचलण्याची रीत मी आधी शिकून घेतली होती. ती सविस्तर देते, कारण गाडी विकणारे ही कधीच सांगत नाहीत. आधी इंजिन बंद करावे. गाडी पहिल्या गिअरमध्ये असावी, म्हणजे चाक सरकत नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड अगोदरच बाहेर काढून ठेवावा, नाहीतर उचलता उचलता ती पलीकडे जाते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवावे. मग गाडीकडे पाठ करून, आसनाला कंबर टेकून खाली बसावे. एका हातात हँडलची खालची मूठ, दुसऱ्या हातात मागची पकड. कमरेत वाकून ओढू नये. पाठ ताठ ठेवून, पायांनी जमीन रेटत, लहान लहान पावले मागे टाकावीत. लेगगार्ड असला तर गाडी पुरती आडवी होतच नाही, निम्मे काम तोच करतो. पहिल्या खेपेला माझे पाय पेंढ्यावरून घसरले. दुसऱ्या खेपेला गाडी उभी राहिली. अण्णांनी आणखी एकदा, दुसऱ्या अंगावर, आडवी केली. तीही उचलली. नंतर त्यांनी काही न बोलता किल्ली दिली.

ही परीक्षा फेब्रुवारीत खरीच द्यावी लागली. अभ्यासिकेतून निघायला आठ वाजले होते. धरणाच्या कडेला खडीच्या ढिगाजवळ पुढून म्हैस आली, मी मागचा ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे बसली. वेग फार नव्हता. हातमोजे, बूट आणि हेल्मेट होते म्हणून कोपर तेवढे खरचटले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. पहिल्या मिनिटात हात इतके थरथरत होते की मूठ धरवेना. मग खाली बसले, पाठ लावली आणि उचलली. घरी पोहोचायला नेहमीपेक्षा वीस मिनिटे उशीर झाला. वाकलेला आरसा पाहून अण्णांनी विचारले, “दोन्ही अंगांनी उचलावी लागली का एकाच?” मी म्हणाले, “एकाच.”

ज्या मैत्रिणींना लांबी-रुंदीचे आकडे न वाचता प्रत्यक्ष बसून पाहायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत सायकल शेडमध्ये यावे. गाडी काळी आहे, आरसा अजून थोडा वाकडाच आहे. बसून पाय टेकतात का ते खुशाल पाहा. चालवायला मात्र, ज्यांच्याकडे निदान शिकाऊ परवाना आहे त्यांनाच मिळेल, आणि तेव्हा मागच्या आसनावर मी बसेन. शिकाऊ माणसाच्या मागे परवानाधारक शिकवणाऱ्याखेरीज कोणी बसू नये असा नियम आहे. हेल्मेट आपापले आणावे.