राणी हिराईच्या गावात एक दिवस

मूलहून चंद्रपूर पन्नास किलोमीटरही नाही. अजयपूर-चिचपल्लीचे जंगल मागे पडले की गाव आलेच! इतक्या जवळच्या गावी माणूस कोर्टकचेरीला जातो, दवाखान्यात जातो, लग्नाचा बस्ता बांधायला जातो. पण नुसते पाहायला म्हणून काही जात नाही. यंदा चैत्रात आत्याबाईंनी महाकालीच्या यात्रेचा धोशा लावला, तेव्हा मी मनाशी म्हटले, देवीबरोबर गावही पाहून घेऊ.

सकाळीच जटपुरा दरवाज्यातून आत शिरलो. वर हत्तीला पायाखाली घेतलेला सिंह कोरला आहे. ते गोंड राजांचे चिन्ह. गावाभोवतीचा परकोट सुमारे 11 किलोमीटरांचा. त्याला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. त्यांतल्या एकीचे नाव चोर खिडकी, दुसरीचे मसण खिडकी. गाव वसवणाऱ्याने चोराची आणि मढ्याचीही सोय पाहिली म्हणायची! हा वसवणारा खांडक्या बल्लाळशहा. त्याच्या कुत्र्यामागे म्हणे एक ससा लागला, आणि ससा जिथून जिथून धावला तिथून तट बांधला गेला. दंतकथा खरी, पण तटाची वळणे पाहिली की सशावर विश्वास बसू लागतो. 1751 मध्ये हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून किल्ला घेतला. पुढे तटावर झाडेझुडपे माजली. 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्रमदान करून ती काढली, म्हणून आज निदान दगड दिसतात.

अंचलेश्वर दरवाज्याबाहेर मात्र दगड पाहायला सवड कुणाला! झरपट नदीच्या काठी माणसांचा पूर आलेला. नांदेड-परभणीकडच्या बायाबापड्या, आदिलाबादकडचे लोक, कोरडे ओढणारे पोतराज, तीन दगडांवर शिजणारा भात, आणि डोक्यावर चैत्राचे ऊन. आमच्याकडचे ऊन पाहुण्यांची गय करीत नाही. रांगेत आत्याबाईंची एका नांदेडकडच्या म्हातारीशी गट्टी जमली. ती पंचवीस वर्षे येते आहे. आत्याबाईंनी विचारले, "हे देऊळ कोणी बांधलं, माहीत आहे का?"

"देवीचंच हाय की माय. कोन बांधील?"

बांधले राणी हिराईने. तिचा नवरा राजा बीरशहा. त्याने देवगडच्या जावयाचे मस्तक महाकालीला वाहिले, अशी कथा सांगतात. पुढे त्याचाही घात झाला. पोटी मुलगा नव्हता. हिराईने रामशहाला दत्तक घेतले आणि तो जाणता होईपर्यंत राज्य सांभाळले. तेवढ्यात हे देऊळ उभे केले, एकवीरेचे केले, आणि नवऱ्याची समाधी बांधली.

दर्शन आटोपून आम्ही दरवाज्याकडे परतलो, तो म्हातारीही काठी टेकत मागोमाग आली. दरवाज्याजवळच अंचलेश्वराचे देऊळ आणि बीरशहाची समाधी. यात्रेचा लोंढा शे-दोनशे पावलांवर, आणि इथे आम्ही तिघे, वर पारवे! घुमटाखाली गारवा होता. चौथरा उंच, कमानी रेखीव, दगड काळसर. थाट नाही, पण बांधणाऱ्या बाईचा हात आखडलेला नाही, हे लगेच कळते. बायकोसाठी ताजमहाल बांधणाऱ्या नवऱ्याचे नाव शाळेतली पोरेही घेतात. नवऱ्यासाठी ही समाधी बांधणाऱ्या बायकोचे नाव तिच्याच देवळात येणाऱ्या लाखो माणसांना सांगायला कुणी नाही, हे काही मला बरे वाटले नाही.

आत्याबाईंनी सगळी हकीकत म्हातारीला सांगितली. आत्याबाई स्वतः पस्तिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. दत्तकाचा आणि कारभाराचा भाग त्यांनी जरा रंगवूनच सांगितला.

म्हातारी बराच वेळ खांबाला टेकून बसली होती. मग म्हणाली, "मंग भाऊबंदांनी लई तरास दिला आसंल."

"दिला असेलच की," आत्याबाई म्हणाल्या, आणि पदराची गाठ सोडून देवीपुढचे फुटाणे त्यांनी तिच्या ओंजळीत घातले.