दीड तासाचे अंतर

आई नागपुरात एकटी राहते म्हटले, की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. मग मी घाईने पुस्ती जोडते, ‘‘विमानाने दीड तास तर लागतो!’’ हे इतक्या वेळा सांगून झाले होते, की मलाही ते खरे वाटू लागले होते.

खोटे तरी कसे म्हणावे? मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने तेच ८३७ किलोमीटर भरते आणि रात्र गाडीत काढावी लागते. विमानाला ना कसारा घाट चढायचा, ना भुसावळ-बडनेऱ्याला थांबायचे. प्रत्यक्ष हवेत ते तासाभराहून थोडेच अधिक असते. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत सरपटण्यात आणि रांगेत जातो. वाराही हिशेबात असतो. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, ते नागपूरला जाताना पाठीशी असतात. पावसाळ्यात ते उलटतात आणि मग परतीची वाट सोपी करतात.

बाबा रात्रीच्या विमानांच्या गोष्टी सांगत. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. रात्री टाकलेले पत्र सकाळी दुसऱ्या टोकाला! देशाच्या मध्यावर असण्याचा बाबांना कोण अभिमान!

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेआठला शेजारच्या काकूंचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरून पडली होती. शेवटच्या विमानात जागा नव्हती. सकाळचे तिकीट काढून रात्रभर घड्याळाकडे बघत बसले. पहाटे साडेतीनला घर सोडले. टॅक्सी, तपासणी, पुन्हा रांग. सहाचे विमान साडेसातला सोनेगावला उतरले. तिथून रिक्षा करून इस्पितळात पोहोचले, तेव्हा साडेआठ वाजले होते. दीड तासाचे अंतर कापायला मला बारा तास लागले होते!

आईच्या मनगटाला प्लास्टर होते. उशाशी काकू बसल्या होत्या, कालच्याच साडीत. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘‘अगं, इतक्या लवकर कशी आलीस?’’

मला उत्तर सुचले नाही.

काकूंचे आणि आईचे अंतर एका भिंतीचे. आता आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आहे, आणि मी दर महिन्याला चार दिवस नागपुरात असते. आई कुठे असते, असे कुणी विचारले, तर ‘नागपूरला’ एवढेच सांगते. दीड तासाचे नाव काढत नाही.