अमेरिकेत नुसतं ‘थँक यू’ पुरत नाही!

अमेरिकेत हॉटेलात जेवलात, वेटरला हसून ‘थँक यू’ म्हणालात आणि बिलाएवढेच पैसे ठेवून उठलात, तर तो उद्धटपणा समजतात. का बरं?

आपल्याकडे टिप म्हणजे खुशी. तिकडे वेटरचं घर त्यावर चालतं. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर द्यावेत, असा केंद्रीय कायदा आहे. हा आकडा १९९१ पासून तसाच आहे! कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मालक पूर्ण किमान वेतन देतात, पण टिपची रीत तिथेही आहेच.

म्हणून टेबलावर बसून जेवणार असाल, तर १५ ते २० टक्के जास्तीचे धरूनच ऑर्डर द्या. काउंटरवरची कॉफी? तिथे तुमची मर्जी. आणि हो, बिलात ‘ग्रॅच्युइटी’ आधीच लावलीय का, तेही बघा. नाहीतर दोनदा द्याल!