कागदाचं बळ

धाराशिवच्या आमच्या घरात फळ्यांना सनमायका बसवायला आलेल्या मिस्त्रींनी तावाचा एक कोपरा मोडून माझ्यापुढे धरला. आत तपकिरी पापुद्रे दिसत होते. ‘गुरुजी, ह्यो कागदच हाय की!’ इतकी वर्षे ज्याला मी प्लॅस्टिक समजत होतो, तो निम्म्याहून अधिक कागद निघाला.

खोक्यांसाठी वापरतात तसल्या खाकी कागदाला फिनॉलिक राळ पाजायची, थरावर थर रचायचे, वर मेलामाइनच्या राळेत भिजवलेला नक्षीचा कागद ठेवायचा आणि उष्णता देत प्रचंड दाबाखाली दाबायचे. राळ थरांत मुरून कायमची घट्ट होते. मग चहा सांडला तरी पृष्ठभाग दाद देत नाही. थरांची ही युक्ती अमेरिकेत १९१२च्या सुमारास निघाली, ती विजेच्या उपकरणांतल्या अभ्रकाला, म्हणजे मायकाला पर्याय म्हणून. त्यावरूनच ‘फॉर्मिका’ हे नाव पडले. आता अशाच कागदाच्या जाड फळ्यांचे स्वयंपाकघरातले ओटेही होतात.

पण हे मर्म आमच्या आजीलाही ठाऊक होते. रद्दी भिजत घालायची, भिजवलेली मेथी वाटून तिच्यात मिसळायची आणि तो लगदा घमेल्यावर थापून उन्हात वाळवायचा. मेथीचा चिकटपणा राळेचे काम करी आणि तिचा कडवटपणा किडीला दूर ठेवी. अशी टोपली वर्षानुवर्षे टिके.

वजनाचे मोल मात्र आमच्या जिल्ह्याला फार क्रूरपणे कळले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदांची माती झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळली. तेव्हापासून ‘डोक्यावर कडाप्प्याची फळी नको’ हा आईचा नियम झाला. भिंती आणि छत कागदाने उभे राहत नाहीत, तिथे भूकंपाला तोंड देणारे बांधकामच हवे. पण फळ्यांपुरता तिचा नियम पाळता येतो. आठ बाय चार फुटांचा, एक मिलिमीटर जाडीचा ताव जेमतेम चार किलोंचा. खाली प्लाय धरला तरी तेवढ्याच दगडी फरशीपुढे तो किरकोळच.

एक गोष्ट मात्र विसरू नये. आजीची टोपली फुटली की उकिरड्यात खत होऊन जाई. सनमायकातली राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे हा कागद रद्दीवाल्याच्याही उपयोगाचा नाही. म्हणून रंगाचा कंटाळा आला की उखडून टाकायची ही वस्तू नव्हे. टिकाऊ म्हणून घेतली, तर टिकू द्यावी.

मिस्त्रींनी उरलेला तुकडा कचऱ्यात टाकायला उचलला, तेव्हा मी तो मागून घेतला. पाण्याच्या माठाखाली त्याची जागा ठरली आहे.