सोळा तास, दहा मिनिटे

फलंदाजीतला विक्रम म्हटला, की आपण आधी धावा विचारतो. पण कसोटी क्रिकेटमधला एक मोठा विक्रम धावांचा नाही, घड्याळाचा आहे. तो पाकिस्तानच्या हनिफ महंमद यांच्या नावावर आहे.

जानेवारी १९५८ मधली गोष्ट. वेस्ट इंडीजमध्ये बार्बाडोस बेटावर ब्रिजटाऊनला या दोन संघांमधला पहिलाच कसोटी सामना चालू होता. सामना सहा दिवसांचा. यजमानांनी ९ बाद ५७९ धावांवर डाव घोषित केला आणि पाकिस्तानला अवघ्या १०६ धावांत गुंडाळले. ४७३ धावांची पिछाडी, त्यात फॉलोऑन आणि दिवस तिसराच! सामना जिंकण्याची आशा नव्हती. हरायचे नसेल, तर उरलेले तीन दिवस खेळून काढायला हवे होते.

तेवीस वर्षांचे, लहान चणीचे हनिफ सलामीला उतरले. हेल्मेटचा जमाना अजून यायचा होता आणि समोर गिलख्रिस्टसारखा तुफान वेगाचा गोलंदाज होता. तिसऱ्या दिवसअखेर हनिफ ६१ वर नाबाद होते. चौथ्या दिवशी १६१, पाचव्या दिवशी २७०. म्हणजे चौथा अख्खा दिवस खेळून त्यांनी धावा जोडल्या फक्त शंभर. एरवी अशा खेळाला आपण कंटाळवाणा म्हटले असते. त्या दिवशी संघाला नेमके तेच हवे होते.

हे काम एकट्याचे मात्र नव्हते. इम्तियाज, अलिमुद्दीन, सईद आणि थोरले बंधू वझीर यांच्यासोबत त्यांनी ओळीने चार शतकी भागीदाऱ्या केल्या. अखेरच्या दिवशी ३३७ धावांवर ते बाद झाले, तेव्हा ते ९७० मिनिटे खेळपट्टीवर होते. पाकिस्तानने ८ बाद ६५७ वर डाव सोडला आणि सामना अनिर्णित राहिला.

लेन हटन यांच्या ३६४ धावांचा तेव्हाचा विक्रम हनिफना मोडता आला नाही. तो त्याच मालिकेत, काही आठवड्यांनी, गॅरी सोबर्स यांनी नाबाद ३६५ धावा करून मोडला. सोबर्स यांचा विक्रमही पुढे लाराने मागे टाकला. हनिफ २०१६ मध्ये गेले. पण कसोटीतल्या सर्वांत दीर्घ खेळीचा त्यांचा विक्रम अजून कायम आहे.

धावफलकावर त्या सामन्यापुढे 'अनिर्णित' एवढाच शब्द आहे. हरलेली बाजी सावरायला किती चिकाटी लागते, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. ते कळायला ९७० हा आकडा वाचावा लागतो.