कराचीतल्या बॅडमिंटनपटूचा दिवस

पाकिस्तानात राष्ट्रीय स्पर्धा खेळणाऱ्या मुलींचा दिवस कसा जातो? एकीचं नाव न घेता, अनेकींचा मिळून हा दिनक्रम.

पहाटे ५ – फज्रची नमाज आटोपून धावणं आणि दोरीवरच्या उड्या. उन्हं वर आली की कराचीची दमट हवा दम काढते, म्हणून घाम गाळायचा तो उजाडायच्या आत.

सकाळी ८ – अंडी, पराठा, चहा आणि कॉलेज. बॅडमिंटनवर घर चालेल याची खात्री नसल्यामुळे पदवी सोडून चालत नाही. ऑलिंपिक खेळलेल्या महूर शहजादनेही कराचीच्या आयबीए या व्यवस्थापन संस्थेतलं शिक्षण सांभाळूनच खेळ केला.

दुपारी ३:३० – हॉल. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, खाली लेगिंग्ज. २०११मध्ये जागतिक महासंघाने महिलांना स्कर्टची सक्ती करायचं ठरवलं होतं. बऱ्याच देशांतून विरोध झाला आणि २०१२मध्ये तो नियम बारगळला. तो टिकला असता, तर यातल्या कित्येकींचा खेळ तिथेच थांबला असता.

दुपारी ४ – शटलची निवड. एका शटलला १६ पिसं. त्यातलं एक जरी मोडलं तरी शटल डगमगतं. धड शटल सामन्यासाठी बाजूला, पीस तुटलेली मल्टिशटलच्या टोपलीत. प्रशिक्षक एकामागून एक फेकतात, ती कोपरे गाठते: नेटवर लंज, मागे उडी, पुन्हा मध्यावर. पंखे बंद, कारण वाऱ्याने शटल भरकटतं.

संध्याकाळी ६ – सामने, बहुतेक मुलांशी. तोडीच्या मुली मोजक्याच, आणि त्यांचे फटके एव्हाना पाठ झालेले. खरी अडचण इथे आहे: नव्या, तगड्या प्रतिस्पर्धी मिळत नाहीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये महूर उतरली, तेव्हा ती ऑलिंपिक खेळणारी पाकिस्तानची पहिली बॅडमिंटनपटू ठरली. पुढ्यात अकाने यामागुची, त्याच वर्षाअखेर जगज्जेती झालेली. पहिला गेम ३-२१, दुसरा ८-२१. मग स्कॉटलंडच्या कर्स्टी गिल्मूरविरुद्ध १४-२१, १४-२१. प्रतिस्पर्धी वेगळी होती हे मान्य, तरी ३, ८, १४ हे आकडे मला हार म्हणून वाचवत नाहीत. मोठे सामने मिळाले की अशी खेळाडू त्यांतूनच शिकते, असं मला त्यांत दिसतं.

रात्री ८ – रॅकेटचं गटिंग तुटलंय, ते नव्याने करून घ्यायचं. खर्च खात्याच्या पगारातून. महूर वापडा या पाणी-वीज खात्याकडून खेळली, इतरही अशाच सरकारी खात्यांकडून किंवा बँकांकडून. २०२१मध्ये सरकारने खात्यांचे हे संघ बंद करायला काढले, २०२२मध्ये निर्णय फिरवला. मधल्या काळात महिन्याच्या पगारावर उभं असलेलं खेळाडूंचं आयुष्य टांगणीला लागलं.

रात्री ९:३० – लॅपटॉपवर स्पर्धांचं वेळापत्रक. जागतिक क्रमवारीत गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० स्पर्धांचे गुण धरतात. युरोपातली मुलगी रेल्वेने शेजारच्या देशात जाऊन खेळून येते. हिला प्रत्येक वेळी विमानाचं तिकीट, व्हिसा आणि संघटनेची परवानगी. चार-पाचच स्पर्धा झाल्या, तर हातात कितीही कसब असलं तरी गुण येणार कुठून?

रात्री १०:३० – झोप.

या दिवसात मेहनतीची कसूर कुठेच नाही. पहाटेपासूनचं जे तिच्या हातात आहे, ते ती चोख करते. वर्षाला दहा परदेशी स्पर्धांची सोय ही संघटनेची आणि सरकारची जबाबदारी आहे. ती पार पडली, तर ऑलिंपिकला जाणारी पुढची पाकिस्तानी बॅडमिंटनपटू याच हॉलमधून निघेल, असा माझा विश्वास आहे.