हलत्या आसनांचे चित्रपटगृह : अनुभूतीमागील शास्त्र

प्रस्तावना : कोऱ्हाळे बुद्रुकहून बारामतीकडे निघालेली एस. टी. वेग घेते, तेव्हा प्रवाशाची पाठ आसनावर दाबली जाते. डोळे मिटलेले असले तरी गती जाणवते. हलत्या आसनांचे चित्रपटगृह याच जाणिवेवर आधारलेले आहे. हलती खुर्ची, वारा व गंध यांची योजना असलेल्या मॉर्टन हायलिग यांच्या ‘सेन्सोरामा’ यंत्रास अमेरिकेत १९६२ मध्ये पेटंट मिळाले. दक्षिण कोरियात २००९ मध्ये ‘फोर-डीएक्स’ चित्रपटगृह सुरू झाले.

कार्यपद्धती : अंतर्कर्णातील सूक्ष्म अश्मकणांवर मागे कलण्याचा आणि पुढे वेग घेण्याचा परिणाम सारखाच होतो. म्हणून पडद्यावरील मोटार धावू लागताच आसन हळुवार मागे कलले, की मेंदू त्यास वेग मानतो. कंप, वारा व पाण्याचे तुषार यांचे संकेतही दृश्यागणिक संगणकात आधीच नोंदविलेले असतात.

मर्यादा : डोळे व कान यांच्या संदेशांत मेळ नसल्यास मळमळ, चक्कर संभवते. गर्भवती, हृदयविकारी व पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी अशी आसने टाळणे हिताचे.

निष्कर्ष : या अनुभूतीचे यश आसन किती हलते यावर नव्हे, तर ते दृश्याशी किती नेमके जुळते यावर अवलंबून असते.